दुर्गेभाऊंचा अंधार

मे महिन्यात, भर दुपारी बाराच्या उन्हात, राजुऱ्यातल्या आमच्या गल्लीतून एक माणूस जायचा. अंगात पोटऱ्यांपर्यंत आलेला काळा रेनकोट, हातात वेल्डिंगवाल्यांचे चामडी हातमोजे, पायात गमबूट, डोक्यावर काळ्या काचेचं हेल्मेट आणि हेल्मेटवर पुन्हा काळी छत्री. आमच्याकडचा मे ज्याने काढलाय त्याला हे वाचूनच घाम फुटेल. त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. डांबर मऊ झालेलं असतं. त्यावर ते गमबूट चिकटायचे आणि सुटायचे, चिकटायचे आणि सुटायचे. तो चपचप आवाज आधी यायचा आणि माणूस मागून दिसायचा. गल्लीतली कुत्री पोस्टमनवर रोज नव्याने भुंकतात, पण ह्या माणसावर कधी भुंकली नाहीत. उभ्या ट्रॅक्टरखाली पडल्या पडल्या मान उचलून बघायची आणि हळूच तोंड दुसरीकडे वळवायची.

हे आमचे शेजारी, परशराम दुर्गे. सगळे त्यांना दुर्गेभाऊ म्हणत.

त्या वेषात ते पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन उभे राहिले तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसलाच नाही. हेल्मेटच्या काचेत माझाच चेहरा दिसत होता, लांबुडका आणि काळपट. आतून, फार खोलवरून आल्यासारखा आवाज आला, "सर, बत्ती घेतली का?"

ह्या प्रश्नाचा खुलासा करायला हवा. दुर्गेभाऊंची सगळी नोकरी बल्लारपूरकडच्या एका भूमिगत खाणीत गेली, पण जमिनीखाली ते क्वचितच उतरले. ते लॅम्प रूममध्ये होते. खाली जाणारा प्रत्येक कामगार खिडकीत आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि दुर्गेभाऊ त्याला टोपीवर लावायचा दिवा द्यायचे. पाळी संपली की दिवा आपल्या खुंटीवर जमा, बिल्ला वापस. ज्याचा दिवा जमा झाला नाही तो माणूस अजून खाली आहे, असं समजायचं. एकदा एक खुंटी रिकामीच राहिली. सगळे दिवे येऊन लागले, ती खुंटी तशीच. दुर्गेभाऊ पाळी संपल्यावरही तिच्यासमोर स्टूल टाकून बसून राहिले. पुढे त्या खुंटीवरचा दिवा घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून ती काढून टाकली. भिंतीवर भोक तेवढं राहिलं. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली आणि सांगताना ते माझ्या डोक्याच्या वर, भिंतीकडे बघत होते. मी नंतर वळून पाहिलं. भिंतीवर काही नव्हतं.

निवृत्त झाले तरी त्यांची लॅम्प रूम काही बंद झाली नाही. घराच्या ओट्यावर बसून ते गल्लीची हजेरी घेत. बाहेर पडणाऱ्याला "बत्ती घेतली का?" आणि परत येणाऱ्याला नुसतं "जमा." शाळेतली पोरं जमा, दळण घेऊन आलेल्या बाया जमा, आणि पुढे दुखण्यामुळे ओटा सुटला तरी बंद दाराआडून, पावलं ओळखून, कॉलेजातून मी आलो की "सर जमा." माझ्याकडे पाहुणा आला की त्याची वेगळी चौकशी व्हायची. "हे कवा वापस जाऊन राह्यले?" ते पाहुण्यादेखत विचारत. पाहुण्याला वाटे, हे मीच शेजाऱ्याच्या तोंडून विचारायला लावलंय. माझे एक मावसभाऊ त्यानंतर अजून आलेले नाहीत.

मी बदली होऊन राजुऱ्याला आलो तो हिवाळ्याच्या तोंडाशी, आणि नेमके त्याच सुमाराला दुर्गेभाऊ हैदराबादेहून उपचार घेऊन परतले होते. दुखणं जिभेचं. खाणीत आगकाडी न्यायला बंदी असते. त्यामुळे विडी नाही, सिगारेट नाही. जो तो गालात खर्रा भरून खाली उतरतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा दुर्गेभाऊंनीही जन्मभर खाल्ला. मग जिभेच्या कडेला पांढरा चट्टा उठला, चट्ट्यावर जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरांनी जखमेचा तुकडा तपासायला पाठवला आणि अहवाल वाचून त्यांना हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी बघून सांगितलं की दुखणं वरवरचं आहे, लवकर सापडलंय, कापायची गरज नाही. उजेडाने जाळता येईल.

त्यांना भेटायला म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्या घरात गेलो ती वेळ दुपारची होती. दार लोटलं आणि माझ्यामागे ते कुणीतरी लावून घेतलं. असा अंधार मी पूर्वी पाहिला नव्हता. खिडक्यांना डांबरी कागद, त्यावर सिमेंटची पोती, छपराच्या कवेलूंखाली ताडपत्री, किल्लीच्या भोकात कापूस. टीव्हीचा तो लाल ठिपकासुद्धा काळ्या चिकटपट्टीने बुजवलेला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत मला माझा हात दिसत नव्हता.

"चपला डाव्या अंगाले काढा," अंधार म्हणाला. "दोन पावलं पुढं खाट हाय. बसा."

मी बसलो. मग त्यांनी मला उपचार समजावून सांगितला. त्यांच्या जिभेची सूज तेव्हा नुकतीच उतरत होती, त्यामुळे शब्द जाड यायचे.

"आधी सुईतून रंग देते, सर. तो सगळ्या अंगात फिरते. मंग काही दिवस वाट पाहाची. चांगल्या मासातून तो निघाले लागते, पण गाठीत मुक्काम करते. काही करत नाई, नुसता बसून राह्यते. खाणीत गॅस नाई का जमा होत, तसा. मंग डॉक्टरीन तोंडात काचेची बारीक तार घालते अन् तिच्यातून लाल उजेड सोडते. लालच लागते, दुसरा नाई चालत. ठिणगी पडली का मंग..."

ते थांबले. पुढचं मी घरी जाऊन मोबाइलवर वाचलं. त्या उजेडाने रंग जागा होतो, आसपासच्या प्राणवायूलाच विष बनवतो आणि गाठीच्या पेशी जागच्या जागी मरतात. पण अंधारात बसून ऐकताना "ठिणगी पडली का मंग" एवढंच पुरेसं होतं.

मी विचारलं, "आणि बाकीच्या अंगातला रंग?"

"तोच तर लफडा हाय. तो उतरेस्तोवर सूर्य म्हणजे डॉक्टरीन. जिथं पडन तिथं उपचार करन. त्याले कुठी माहीत, गाठ कोणती अन् हात कोणता."

हे त्यांनी गंमतीत सांगितलं, पण खोटं नव्हतं. त्याच आठवड्यात ताडपत्री एका जागी सरकली आणि दुपारी झोपलेल्या दुर्गेभाऊंच्या मनगटावर उन्हाची एक पट्टी पडली. घटकाभरच असेल. संध्याकाळी त्यांनी हात मला दाराच्या फटीतून दाखवला. तापलेली पट्टी ठेवून काढावी तसा सरळ, लाल, फोड आलेला डाग. दोन्ही बाजूंची कातडी अगदी चांगली. त्यानंतर मी त्यांच्या घराचं दार उघडताना आधी टकटक करायला लागलो आणि आत शिरल्यावर स्वतःच घाईने लावून घ्यायला लागलो.

डॉक्टरबाईंनी इतका अंधार करायला सांगितलंच नव्हतं. ऊन टाळा, डोळ्यांवर येणारा झगझगीत दिवा टाळा. घरातला मंद उजेड चालेल, उलट त्यानेच औषध हळूहळू संपेल, असं त्यांचं म्हणणं. भाऊंना ते पटलं नाही. त्यांचा उजेडावर विश्वासच उरला नव्हता. नव्या मोटरसायकलींचा दिवा दिवसाही जळत असतो, तर ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पोराशी दाराआडून त्यावरून भांडत. गाडीच तशी येते, बंद होत नाही, असं पोरं सांगत. "मंग पुसून तरी टाक," भाऊ म्हणत. म्हणजे काय, ते पोरांना कळत नसे, मलाही नाही.

त्या पहिल्या भेटीत आणखी एक गोष्ट झाली. भाऊंचा आवाज माझ्या उजवीकडून येत होता. "चहा घ्या," ते म्हणाले. आणि चहाचा कप डावीकडून माझ्या हातात आला. मला हात पुढे करावा लागला नाही. बोटं जिथे होती तिथेच कपाचा कान आला. बांगड्या किंचित वाजल्या. मग पुन्हा काही नाही. नुसता श्वास, आत येताना बारीक शिट्टी वाजल्यासारखा.

कौसल्याबाई, भाऊंच्या पत्नी. त्या घरात आहेत हे गल्लीला माहीत होतं, पण कितीतरी वर्षांत त्या कुणाला दिसल्या नव्हत्या. विहारात नाही, लग्नात नाही, नळावर नाही. मागच्या तारेवर लुगडी वाळत घातलेली दिसायची. ती कधी घातली आणि कधी काढली हे कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडाचं फार पूर्वी ऑपरेशन झालं होतं एवढंच मी ऐकलं होतं. मी अंधारात डावीकडे तोंड करून नमस्कार केला. उत्तर आलं नाही, पण माझा रिकामा कप काढून घेतला गेला.

हिवाळा संपला. पळसाची पानं गळाली, राजुऱ्याच्या रस्त्याकडेची झाडं लालभडक फुलली, मग फुलंही गळाली. दुर्गेभाऊंचा अंधार काही उठेना. मी मोबाइलवर वाचलं होतं त्यात काही आठवड्यांचंच पथ्य सांगितलेलं होतं. तसं विचारलं तर ते म्हणाले, "ते गोऱ्या लोकायसाठी. आपल्या कातडीतून रंग लवकर निघत नाई, पक्का बसते." हे उत्तर ऐकायला इतकं बरोबर वाटलं की मी गप्प बसलो.

उलट त्यांचा उद्योग वाढला. डॉक्टरबाईंनी त्यांना एकदा अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा पाडून आरशात त्यांची जीभ दाखवली होती. रंग जिथे मुरला होता ती जागा लाल पेटलेली. "जिभेवर निखारा होता, सर," ते अभिमानाने सांगत. "अन् चटका नाई." तेव्हापासून त्यांना जांभळ्या उजेडाचं वेड लागलं. बल्लारपूरच्या बाजारातून त्यांनी तसली बत्ती आणवली. पळसाचं पान स्पिरिटमध्ये चुरून बाटली भरली होती. बाटली माझ्यासमोर धरून त्यांनी बत्ती लावली आणि तो हिरवा रस रक्तासारखा लाल झाला. मी मागे सरकलो.

"सरकू नका," भाऊ शांतपणे म्हणाले आणि बत्ती माझ्या खांद्यावरून भिंतीवर नेली. माझ्या कानापासून वीतभर अंतरावर एक विंचू हिरव्या काचेसारखा चमकत होता. नांगी, गाठी, पाय, सगळं आतून उजळलेलं. "तो रोज तिथंच असते. काही करत नाई. आपल्याले बत्ती नसली का दिसत नाई, एवढंच."

मी तिथून कसा उठलो ते मला आठवत नाही. एक मात्र लक्षात राहिलं. त्यांनी बत्ती सगळीकडे फिरवली. छताला, दाराला, माझ्या शर्टाला, जो दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखा निळा झाला. डावीकडच्या कोपऱ्याकडे मात्र त्यांनी ती वळवली नाही. हात तिथे आला की बटण बंद होई, आणि हात पुढे गेला की पुन्हा चालू.

उन्हाळा लागला तेव्हा तो रेनकोटाचा वेष सुरू झाला. ज्याला ऊन वर्ज्य आहे त्याने ऐन बारा वाजता बाहेर का पडावं? तर बंडूच्या पानठेल्यावर जायला. खर्रा घ्यायला नव्हे. तो त्यांनी कधीच सोडला होता. ते ठेल्यासमोर छत्री धरून उभे राहत आणि काहीच बोलत नसत. गिऱ्हाईक पन्नी घोटून घेत असे, हसत असे, बोलत असे. मग हळूहळू त्याचं हसू मावळे. तेव्हा हेल्मेटच्या आतून प्रश्न येई, "कोणत्या गालात ठेवतेस बाप्पा? डाव्या का उजव्या?"

प्रत्येकाचा हात आपोआप गालावर जाई. काही जण पन्नी तशीच ठेल्यावर टाकून निघून जात. बंडू रडकुंडीला आला होता. तो मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "सर, तुमी शिकले-सवरले हा. एक सांगा. याची सावली काऊन पडत नाई?"

मी त्याला समजावलं की बारा वाजता सावली पायाखाली असते, आणि शिवाय छत्री आहे.

"छत्रीची पडते," बंडू म्हणाला. "याची नाई."

मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. डांबरावर छत्रीची गोल सावली होती आणि तिच्या आत सगळंच काळं.

जूनच्या सुरुवातीला, कॉलेजला सुट्ट्या असताना, भाऊंना तपासणीसाठी हैदराबादला जायचं होतं. एकट्याने नको म्हणून मी बरोबर गेलो. बल्लारपूरहून गाडीत चढलो तेव्हा भाऊंच्या अंगावर तो सगळा सरंजाम होता. आमच्या समोरचं कुटुंब जेवणाचा डबा उघडत होतं, त्यांनी तो बंद केला आणि पुढच्या स्टेशनवर जागा बदलली. पुढे जो कुणी चढला तो आम्हाला बघून दुसऱ्या डब्याकडे वळला. मी राजुऱ्याला आल्यापासून इतक्या ऐसपैस जागेत प्रवास केला नव्हता. टीसीने भाऊंना चेहरा दाखवायला सांगितला. भाऊंनी हेल्मेटची काच वर केली. आत एक नीट दाढी केलेला, गोल चेहऱ्याचा, हसरा म्हातारा होता. टीसी त्यालाच जास्त घाबरला. तिकीट न बघताच पुढे गेला.

डॉक्टरबाई तरुण होत्या, तेलुगू वळणाचं हिंदी बोलायच्या. त्यांनी जीभ वरून, खालून, आरशातून पाहिली, बोटाने चाचपली आणि खूश झाल्या. डाग नाही, गाठ नाही, मानेतही काही लागत नाही. मग खुर्चीवर ठेवलेलं हेल्मेट आणि रेनकोट त्यांच्या नजरेस पडला. हे काय, त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, पथ्य. त्या हसायला लागल्या. उन्हाची बंदी तर हिवाळ्यातच उठली, त्या म्हणाल्या. मागच्या भेटीत मी स्वतः यांना सांगितलं होतं की सकाळी उन्हात फिरत जा.

मी भाऊंकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होते.

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला थोडा रागही आला होता. आम्ही सगळी गल्ली त्यांच्या दाराशी पावलं जपून टाकत होतो, पोरांना आरसा चमकवू नका म्हणून दटावत होतो. सिरपूर गेलं. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल लागलं, पानं झडलेलं, उन्हात राखेच्या रंगाचं. भाऊंनी एक हातमोजा काढला आणि हात खिडकीच्या गजांतून उन्हात ठेवला. मनगटावरची ती जुनी पट्टी आता फिकट तपकिरी झाली होती. हाताला काहीही झालं नाही.

"रंग उतरला, सर," ते म्हणाले. "कवाचाच."

"मग भाऊ, हे कशासाठी?"

हात उलटा करून त्यांनी तळव्यावरही ऊन घेतलं.

"कौसल्येची गाठ मोठी होती," ते म्हणाले. "लाल बत्तीच्या कामाची नव्हती. कापा लागली. इथून इथपर्यंत." त्यांनी कानाखालून हनुवटीपर्यंत बोट ओढलं. "वाचली. पण जेवताना कोपऱ्यातून सांडते. तवापासून भिंतीकडं तोंड करून जेवते. मी समोर गेलो का ताट झाकते. मंग म्या जाणंच सोडलं. ओट्यावर बसाले लागलो. दिवसभर. लोकं म्हणत, दुर्गेभाऊ गल्लीवर लक्ष ठेवते."

गाडी एका लहान स्टेशनवर न थांबता गेली.

"खर्रा तिले म्याच शिकवला. पुडी आणली का अर्धा तिले, अर्धा मले. लाडानं. अन् मले काय झालं? थोडी जळजळ. तोंड जसंच्या तसं. दवाखान्यातून आलो तवा तिच्यासमोर जाची लाज वाटे."

त्यांनी दुसरा हातमोजाही काढला आणि मांडीवर घडी घातल्यासारखा ठेवला.

"त्या पहिल्या दिवसांत जीभ सुजून होती. अंधारात मले ताट सापडे नाई. तिनं भात कालवून भरवला. मंग तिथंच बसली, माझ्यासमोर, अन् जेवाले लागली. पदर बाजूले करून. दिसत कुठी होतं? पण सर, मले तिचा चावाचा आवाज आला. कितीक वर्षांनी." ते खिडकीबाहेर बघत होते. "आता उजेड करू का? तुमीच सांगा."

बल्लारपूर यायच्या आधी त्यांनी हातमोजे चढवले, हेल्मेट घातलं, काच खाली ओढली. छत्री मी धरली.

आठवड्याभराने मी त्यांच्या दारावरून जात होतो. भाऊ ठेल्यावर गेले होते. दाराच्या आतून हाक आली, "सर." आवाज बाईचा होता, आणि ओठ न मिळता आलेला. मी थांबलो, मग आत गेलो आणि सवयीने दार लावून घेतलं. कौसल्याबाई माझ्याशी आजवर कधी बोलल्या नव्हत्या. त्यांचे काही शब्द हवेतच विरायचे, तरी नीट ऐकलं की कळायचे. डॉक्टरीण काय म्हणाली, त्यांनी विचारलं.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. शब्दांसाठी मी सहसा अडत नाही. त्या दिवशी मी इतका अडखळलो की विचारू नका. तब्येत उत्तम आहे म्हणालो, रंग थोडा बाकी आहे म्हणालो, आणखी काही महिने जपायला सांगितलंय म्हणालो.

अंधारात एक विचित्र आवाज झाला, फाटक्या भात्यातून हवा निघावी तसा. तो थांबेना तेव्हा मला कळलं की बाई हसताहेत.

"बंदी तं हिवाळ्यातच उठली," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीनचा फोन आल्ता. तो झोपून होता. म्याच उचलला."

मी चाचपडत खाटेवर बसलो.

"इतकी वर्षं ओट्यावर बसला तो," त्या म्हणाल्या. "मले वाटे, माझं तोंड पाहवत नाई म्हणून बसते. अंधार झाला तवा आत आला. आता माझ्यापाशी बसते, बोलते. ठेल्यावर जाते अन् लगेच वापस येते. उजेड केला तं तो पुन्हा ओट्यावर जाईन." श्वासाची ती बारीक शिट्टी दोनदा वाजली. "त्याले नका सांगू, सर. त्याले वाटते, मले माहीत नाई."

मी सांगणार नाही म्हटलं. खरं म्हणजे भाऊंनी गाडीत जे सांगितलं ते माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण एकाचं दुसऱ्याला सांगितलं असतं तर दोघांनाही काय मिळालं असतं? खिडकीवरची पोती निघाली असती. दिवा लागला असता. मग त्या दोघांनी एकमेकांकडे बघायचं की नाही हे ठरवावं लागलं असतं, आणि ते ठरवून घेणारा मी कोण?

दार ढकलून भाऊ आत आले. रेनकोट खुंटीला अडकवल्याचा, गमबूट काढल्याचा आवाज झाला. मी आहे हे त्यांना न सांगताच कळलं. आज बंडूच्या ठेल्यावर दोन जणांनी पन्नी टाकून दिली, ते आनंदाने सांगायला लागले. कौसल्याबाईंनी विचारलं, कोण होते ते? त्यांनी नावं सांगितली. त्यातल्या एकाच्या आईला त्या ओळखत होत्या. तिच्या लग्नातली काहीतरी गोष्ट निघाली, स्वयंपाक करणाऱ्याने मिठाऐवजी भलतंच काही घातल्याची, आणि दोघंही ती एकमेकांचं वाक्य तोडून सांगू लागले. मी मधे बसून ऐकत होतो. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

"सर जेवूनच जातीन," भाऊ म्हणाले. ते मला विचारत नव्हते, कौसल्याबाईंना सांगत होते.

माझ्यासमोर ताट आलं. वरणभात होता, गरम, वर आंबाडीची भाजी. बोटांनी भाताची कड शोधून मी पहिला घास कालवला. समोर कौसल्याबाई बसल्याचं बांगड्यांवरून कळलं, त्यांच्या शेजारी भाऊ. मग समोरून चावण्याचा आवाज आला, सावकाश, एका बाजूने, मधेच घोट घेतल्यासारखा. भाऊ थांबले होते. तो आवाज सुरू झाल्यावर त्यांनी आपला घास घेतला.

माझ्या हातून वरण मनगटावर ओघळलं, तिथून मांडीवर पडलं. पुसायला काही सापडेना, म्हणून मी तसाच जेवत राहिलो. त्या दुपारी त्या घरात कुणाचं किती सांडलं, ते कुणालाच दिसलं नाही.